बुवांच्या परणीतली एक मात्रा

शेवगावात माझी पिठाची गिरणी आहे आणि मला राग लवकर येतो, या दोन गोष्टी आमच्या सगळ्या पेठेला माहीत आहेत. मी पखवाज वाजवतो हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. म्हणजे वाजवायचो. आता एखाद्या गावात सप्ताह बसलेला असतो, कीर्तनाचा वादक आयत्या वेळी दगा देतो, मग मला फोन येतो. मी कुरकुर करतो, अंगावरचं पीठ झटकतो आणि जातो.

पखवाज मला बेलापूरच्या बुवांनी शिकवला. त्यांची शिकवायची तऱ्हा आजच्या आईबापांनी पाहिली तर थेट चौकी गाठतील. वही नाही, मोबाईलवर भरून घेणं तर लांबच. पोराला पाठमोरं बसवायचं आणि त्याच्या पाठीवर दोन्ही हातांनी बोल वाजवायचे. "कानानं ऐकलेलं तू घरी जाईस्तोवर सांडून टाकशील," असं म्हणायचे. उजवा हात खांद्याच्या खाली, डावा कमरेच्या वर. मी त्यांच्याकडं राहायला होतो तेव्हा उघड्या अंगानं अंघोळीला गेलो की माई, म्हणजे बुवांच्या बायको, हळहळायच्या. "अवो, पोरगं हाय ते, कातडं न्हाई," असं आतूनच सुनवायच्या. बुवा हसायचे. मीही हसायचो, कारण रडलो असतो तर धडा तिथंच थांबला असता.

असं करून त्यांनी मला शेवटी त्यांच्या गुरूची परण दिली. परण म्हणजे पखवाजावर वाजवायची बांधलेली रचना. ही लांबलचक होती, तीन वळणं घेऊन येणारी, आणि ती कुठल्या पुस्तकात नाही. बुवांच्या गुरूनं बुवांच्या पाठीवर वाजवली, बुवांनी माझ्या. माझ्याबरोबर शिकणारे दोघं होते, त्यातला एक कारखान्यात लागला आणि विसरला, दुसरा गेला. राहिलो मी.

पुढचं कळायला दोनच गोष्टी माहीत असल्या की पुरे. तालाचं माप मात्रेनं मोजतात, आणि तालाची पहिली मात्रा म्हणजे सम. वाजवणारा कितीही लांब हिंडून आला तरी त्याचा शेवटचा घाव समेवरच पडला पाहिजे. एक मात्रा अलीकडं पडला तरी ऐकणाऱ्याच्या पोटात धस्स होतं, अंधारात जिना संपला नसताना संपला असं वाटून पाय टाकावा तसं.

आता त्या पोरीबद्दल सांगतो. शेवगावच्या पूर्वेला, जिकडं विहिरींना पाणी कमी आणि दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं, तिथल्या एका गावच्या सप्ताहात मी तिला पहिल्यांदा ऐकलं. वादक आला नव्हता म्हणून हरिपाठाला ही बसली होती. उजवा हात असा चालत होता की मी चहाचा कप खाली ठेवला. डावी बाजू मात्र नुसती भद भद वाजत होती. पखवाजाच्या डाव्या तोंडाला मळलेली कणीक लावतात, तिच्यानं आवाज खाली बसतो. हिनं लावलेली कणीक पळीवाढी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. संपल्यावर मी गेलो आणि म्हणालो, "ही कणीक हाय का धिरडं?"

ती जराही बावरली नाही. "मग तुमी मळून द्या की, काका. गिरणी तुमचीच हाय ना?"

मला ओळखत होती म्हणजे. मी मळून दिली. पुढच्या महिन्यात तिला घेऊन बेलापूरला गेलो.

बुवांनी तिला ऐकलं, बराच वेळ मिशीवरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हात लई गोड हाय. पन लेका, पोरीच्या पाठीवर मी हात कसा टाकू?" तोवर बुवांनी मुलीला कधी शिकवलं नव्हतं. हा प्रश्न त्यांनी इतक्या काळजीनं विचारला की मला त्यांच्याबद्दल माया दाटून आली. माईंनी स्वयंपाकघरातून जेवायचा लाकडी पाट आणून मधे आपटला. "ह्याच्यावर वाजवा. त्या टोकाला ती हात ठिवंल." तसंच ठरलं. पाटाच्या एका टोकाला बुवांचे हात, दुसऱ्या टोकाला तिचे पालथे तळवे, आणि लाकडातून बोल तिच्यात उतरायचे. ती त्यांच्या घरी राहिली. माईंना हाताखाली माणूस मिळालं आणि बुवांना कितीतरी वर्षांनी घरात कुणीतरी चुका करायला मिळालं.

तिच्यापुढं जे वाढून ठेवलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. पोरगी अठराची झाली होती आणि तिच्या बापानं ठरवलं होतं की दसऱ्याआधी तिचं लग्न लावायचं, जावई टोळीत घ्यायचा. बाप वाईट नव्हता. माझ्या गिरणीवर बसून तो मला म्हणाला होता, "तुमचं ते वाजवनं पोट भरतं म्हनून दाखवा, मी गप बसतो." मग कळलं की पुण्याकडच्या एका गुरुकुलाची निवड नगरला होणार आहे. निवडलेल्या पोरांना राहणं, खाणं आणि शिक्षण तिथंच, वर थोडा हातखर्चही. बापाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "घेतली तर जाऊ द्या तिला. न्हाई घेतली तर मग माझ्या मधी पडू नका." मी हो म्हणालो. म्हणजे तिचं सगळं त्या एका दिवसावर आलं.

निवडीत शेवटी आपल्या गुरूकडून मिळालेली एक खास चीज वाजवायची होती. बुवांनी ठरवलं, गुरूची परणच द्यायची.

निवडीच्या काही दिवस आधी मी गव्हाचं पीठ घेऊन बेलापूरला गेलो तर ती पडवीत परण वाजवत होती. मी चपला काढताना थबकलो. तिसऱ्या वळणावर माझ्या पाठीला काहीतरी टोचलं. खरंच सांगतो, कानाला नंतर कळलं, पाठीला आधी. तिथं डाव्या हाताचा एक जड घाव असतो, माझ्या कमरेच्या वर बसायचा तो. तो आलाच नाही. ती पुढं गेली आणि समेच्या एक मात्रा आधीच येऊन थांबली.

"पुन्हा वाजव," मी म्हणालो. तिनं वाजवली. पुन्हा तेच.

"हे तुला कुनी दिलं?"

"बुवांनी. दुसरं कोन देनार?"

"एक घाव खाल्लायस तू."

"मी न्हाई खाल्ला," ती हळू म्हणाली आणि आतल्या खोलीकडं पाहिलं. तिला कळलेलं होतं. मोजता तिलाही येत होतं. तिला वाटलं होतं, थोर माणसाची परण आहे, काहीतरी खोच असेल, पुढं कधीतरी बुवा उलगडून सांगतील.

पण खात्री करायची होती. मी आत गेलो, बुवांच्या पुढ्यात सदरा काढून पाठमोरा बसलो आणि म्हणालो, "बुवा, लई दिवस झाले. एकदा ती परण द्या की पाठीवर." बुवा खूश झाले. हात पूर्वीसारखे जोरकस राहिले नव्हते, पण बोल तेच. पहिलं वळण, दुसरं, आणि तिसऱ्यावर माझी कमर त्या घावाची वाट बघत राहिली. हात तिथून सरळ पुढं निघून गेला.

मी सदरा घातला. गप बसायला हवं होतं असं आजही कुणीकुणी म्हणतं, पण मला गप बसता येत नाही. पोरीचं आयुष्य पणाला लागलेलं असताना तर मुळीच नाही. मी म्हणालो, "बुवा, तिसऱ्या वळनावर डाव्याचा एक घाव ऱ्हायला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आधी कळलंच नाही, मग चेहरा लाल झाला. "गिरनीवाल्या, तू मला मात्रा मोजायला शिकवतोस व्हय?"

"शिकवत न्हाई. तुमीच दिलेला घाव हाय, तो मागतोय."

"ऊठ. चालता हो."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला पाठीवर मारलं होतं, पण घराबाहेर कधी काढलं नव्हतं. माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली. मी पिठाचा डबा तसाच ठेवून निघालो. माई फाटकापर्यंत आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "आमटीत दोनदा मीठ टाकत्यात. परवा नदीवरून येताना दुसऱ्याच्याच घरात जाऊन बसले. डाक्टर म्हनला आता असंच चालायचं. तुमी त्यांना असलं काय सांगू नका. पखवाज तेवढा ऱ्हायलाय त्यांच्याकडं." मग त्यांनी मान फिरवली. मला एकदम रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला माझ्या मेहुणीच्या घरी बोलावून घेतलं, तीही बेलापुरातच राहते. मी तिला बरोबर परण वाजवून दाखवली. तिनं एका दमात उचलली, इतकी सफाईनं की मी खूश झालो. म्हटलं, झालं काम, आता नगरला अशीच वाजव.

"न्हाई काका," ती म्हणाली. "बुवांनी दिली तीच वाजवीन."

"चुकीची हाय ती."

"हाय ना. मला कळतंय."

"मग डोकं फिरलंय का तुझं?"

ती म्हणाली, "बुवा समोर बसनार हायेत. मी तुमची वाजवली तर त्यांना वाटंल, पोरगी भर बैठकीत गुरूला सोडून वाजवायली. आन ती समेवर आली तर त्यांना कळंल की आपन चुकलो. एवढ्या मानसांत कळंल. मग काका, घरी आल्यावर ते काय वाजवतील?"

उत्तर नसलं की मी ओरडतो. "मग जा ऊस तोडायला," मी म्हणालो. तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती उठली, पखवाजाला लागलेली कणीक नीट खरवडून काढली, फडकं गुंडाळलं आणि गेली. मी तिथंच बसलो. मेहुणीनं दोनदा चहा विचारला.

निवडीच्या दिवशी मी गाडी करून तिघांनाही नगरला नेलं. बुवा माझ्याशी बोलत नव्हते. म्हणजे त्यांना राग लक्षात होता, कशाचा ते आठवत नव्हतं. राहुरीपर्यंत त्यांनी माईंना दोनदा विचारलं, "आपन कुनाच्या लग्नाला चाललोय?" पोरगी मागच्या सीटवर माईंच्या शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत होती. लग्नाचा शब्द आला की तिचे हात मांडीवर थांबायचे.

सभागृहात फार गर्दी नव्हती. दोन परीक्षक होते, एक म्हातारे आणि एक चाळिशीतले. पेटीवर एक जण तीच ती चाल पुन्हा पुन्हा धरून बसला होता, म्हणजे सम सगळ्यांना स्पष्ट ऐकू यावी. चुकलं तर लपवायला जागाच नाही. आमच्या आधी वाजवणारी पोरं तयारीची होती, काही तर नुसती वेगानं जात होती, मोबाईलवर गाजलेली. बुवा पहिल्या रांगेत ताठ बसले होते. पांढरा फेटा, हातानं ताल धरलेला.

ती बसली. आधीचं सगळं ठाकठीक झालं. मग तिनं हात जोडून सांगितलं की आता गुरूंनी दिलेली परण वाजवते, आणि सुरू केली. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्यावर मी डोळे मिटले.

आणि तिथं आवाजच थांबला. मी डोळे उघडले. तिचा डावा हात वर होता, कणकेच्या वीतभर वर, तसाच धरलेला. सगळं सभागृह त्या हाताकडं बघत होतं. पेटी एकटीच चालली होती. मात्राभर ती थांबली, मग उरलेले बोल जसे बुवांनी दिले तसेच, एकही न बदलता, वाजवले आणि घाव पडला तो थेट समेवर.

म्हाताऱ्या परीक्षकांच्या तोंडून दाद गेली. त्यांनी विचारलं, "हा मधला दम कुठून आणलास? असा मी ऐकला नव्हता."

"आमच्या बुवांचा हाय," ती म्हणाली.

माझा घाव तिनं वाजवला नव्हता. बुवांचा शब्द मोडला नव्हता. जिथं खड्डा होता तिथं ती खड्ड्याएवढीच थांबली होती. मला हे कधीच सुचलं नसतं.

निकाल दुपारीच कळला. तिला घेतलं होतं. मी बाहेर येऊन तिच्या बापाला फोन लावला, तो एवढंच म्हणाला, "बरं." तेवढ्यात मागं आरडाओरडा ऐकू आला. बुवा होते. व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत उभे होते.

"माझ्या परणीला भोक पाडलंस तू," ते म्हणत होते. "माझ्या गुरूची परण कुठं थांबत न्हाई. तुला थांबायला कुनी सांगितलं? हात वर धरून तमाशा करायला कुनी सांगितलं?"

ती वाकली. बुवांनी पाय मागं घेतले. ती तशीच वाकलेली राहिली, समोर नुसती फरशी. "चुकलं बुवा," ती म्हणाली.

"माझं नाव सांगायचं न्हाई कुठं. माझ्या दारात यायचं न्हाई."

मी पुढं झालो. सगळं ओठांवर आलं होतं. की तुमची चूक तिनं झाकली, की आज तुमची लाज तिच्या हातानं वाचली. तिनं वाकलेल्या जागेवरूनच मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि नाही म्हणाली. ओठसुद्धा हलले नाहीत. मी आयुष्यात एकदाच गप बसलो, ते तेव्हा. माईंनी तोंडाला पदर लावला होता. त्यांना सगळं कळत होतं, आणि त्याही गप.

ती परस्पर आपल्या गावी गेली आणि आठवड्यानं गुरुकुलात. बुवांकडं राहिलेले तिचे दोन ड्रेस माईंनी माझ्याकडं दिले, मी पोचते केले.

त्यानंतर मी बेलापूरला जातच राहिलो. बुवांना आता माझं नाव आठवत नाही. गिरणीवाला म्हणतात, तेवढं त्यांना पुरतं. मी जाण्याआधी दर वेळी पोरगी फोन करून एकच विचारते, या वेळी मी आले तर चालंल का. मी बुवांना विचारतो. बाकी सगळं पुसलं गेलं, हे मात्र पक्कं आहे. "ती परन मोडनारी? न्हाई. दारात उभी करायची न्हाई." आवाजसुद्धा पूर्वीसारखा चढतो.

गेल्या खेपेला ते बाजेवर बसले होते. काही विचारलं नसताना त्यांनी स्वतःच्या मांडीवर परण धरली. मी ऐकत बसलो. हात मऊ झालेत आता, पण ओळ सुटत नव्हती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर त्यांचा डावा हात वर गेला आणि मांडीच्या वीतभर वर थांबला. मात्राभर. मग खाली आला, पुढचे बोल आले आणि ते समेवर आले. त्यांना कळलं की आपण समेवर आलो. चेहरा असा उजळला की माई भाकरी टाकता टाकता उठून दारात आल्या.

"ऐकलंस का, गिरनीवाल्या?" ते म्हणाले. "ही आमच्या गुरूची थांबायची रीत हाय. दुसऱ्या कुनाला येत न्हाई."

मी माईंकडं पाहिलं. मग विचारलं, "बुवा, त्या पोरीला येऊ दे का एकदा?"

"कोन? ती परन मोडनारी?" हात झटकून ते म्हणाले, "न्हाई."

मी बाहेर येऊन तिला फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. मग तिनं विचारलं, "किती थांबले?"

"तू थांबली होतीस तितकंच."

ती रडत होती. "मग बास झालं, काका," असं म्हणाली. "मला एवढं बास हाय."

मला बास नाही. ती तिकडं शहाण्यासारखी शिकते, बुवांचं नाव न घेता त्यांच्यासाठी रडते, आणि ते इकडं तिचीच मात्रा मांडीवर वाजवून तिला दारातून हाकलतात. यात कुणावर रागवावं ते मला कळत नाही आणि राग तर येतो. परत येताना नेवाशापर्यंत मी एकटाच गाडीत बोलत होतो, बुवांना, माईंना, त्या डॉक्टरला, मलाही. तिला मात्र मी काहीच बोलू शकलो नाही.